चार दिवसांची सूज

देवीवर माझी श्रद्धा होती की मला नुसती भीती वाटत होती, हे त्या दिवसापर्यंत मला धड कळलेलं नव्हतं. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत वजनाच्या काट्यावर होतो. हा माणूस काटा मारणार नाही, असा माझा लौकिक. पण घरात काही ठरवायची वेळ आली की मी गावच्या लक्ष्मीला कौल लावायला धावायचो. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की थांबायचं.

आमच्या हिची खालची दाढ ठणकायला लागली आणि दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली सूज आली. शेजारी म्हणाले, बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. ऑपरेशनचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. मी कौल लावला, डावी पाकळी पडली, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पुढचे दिवस हळदीचा लेप आणि गरम पाण्याच्या गुळण्यांवर काढले. सूज येऊन चौथा दिवस उजाडला तेव्हा तिला लाळ गिळता येईना, तोंड बोटभरही उघडेना. मग मात्र कुणाला काही न विचारता तिला एसटीत बसवलं. संकेश्वर मागं पडेपर्यंत मी तिच्या गळ्यावरची नजर काढली नाही. श्वास घेताना तिथली कातडी आत ओढल्यासारखी होत होती, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

दवाखान्यात तातडीच्या रोग्यांची खोली होती, तिथं आमच्या पुढच्या माणसाला एक तरुण डॉक्टर झापत होते. बापाला इतक्या उशिरा आणलंत, इतके दिवस काय करत होतात? त्यानं मान खाली घातली. मग डॉक्टर आमच्याकडं वळले आणि सूज कधीपासून आहे म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काल सकाळपासून."

डॉक्टरांनी तोंड उघडेल तेवढ्यातून बॅटरीनं जिभेखाली बघितलं, नाडी बघितली, आणि मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं. जबड्याच्या अशा सुजेवर त्यांचा अभ्यास चालला होता. सूज दोन दिवसांच्या आतली असेल तर लगेच चिरा द्यावा, की दाढ काढून इंजेक्शनं देत वाट बघावी, यावर मोठमोठ्या डॉक्टरांचं एकमत नव्हतं. म्हणून बंद पाकिटातली चिठ्ठी काढायची आणि निघेल ते करायचं. त्याहून जुनी सूज असली तर चिठ्ठी नाही, रोग्याला सरळ टेबलावर घ्यायचं. तुम्ही राजी असाल तरच, असंही ते दोनदा म्हणाले. तिनं खाटेवरून हात वर केला, चार बोटं ताठ केलेली. मी तो हात पटकन माझ्या हातात घेऊन खाली ठेवला. डॉक्टरांना वाटलं, मी धीर देतोय. मी सही केली आणि ते पाकीट आणायला गेले.

शेजारच्या खाटेवर जबडा मोडलेला एक म्हातारा होता आणि त्याच्या उशाशी त्याची म्हातारी बसली होती. ती मघापासून माझ्याकडंच बघत होती.

"अण्णा, कवापास्नं सुजलंय खरं?" तिनं हळूच विचारलं.

का कोण जाणे, तिला मी सगळं सांगितलं, कौलासकट. ती हसली नाही की रागावली नाही.

"देवीवर कशाला घालतासा? भ्या तुमचं हुतं," ती म्हणाली. "जावा, सांगा त्यास्नी. लई तर काय, बोलतील."

डॉक्टर पाकिटाची कड फाडणार एवढ्यात मी दारात त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि आजचा चौथा दिवस असल्याचं सांगून टाकलं. मला वाटलं, आता खोलीभर शोभा होणार. पण त्यांनी पाकीट तसंच खिशात घातलं, आत जाऊन तिच्या जिभेखाली पुन्हा बघितलं आणि नर्सना हाका मारायला सुरुवात केली. पाच मिनिटांत खाट आत गेली.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीला हात जोडले आणि काही विचारलं नाही. आता तू आहेस आणि ते डॉक्टर आहेत, एवढंच म्हणालो. दुपार कलल्यावर डॉक्टर आले. श्वासासाठी गळ्याला नळी बसवली होती, सुजेतला पू काढला होता. चिठ्ठीत वाट बघा असं निघालं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. मी त्यांचे पाय धरले. नंतर त्या म्हातारीला शोधलं, तर त्या दोघांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. दोन वॉर्ड पालथे घातले, पण पुन्हा ती दिसली नाही.

पुढचे कितीतरी दिवस ही बोलू शकत नव्हती. मी रोज उशाशी बसायचो आणि रोज धास्ती वाटायची की वाचा आल्यावर ही मला काय म्हणेल. नळी काढली त्या दिवशी मीच आधी बोललो. म्हणालो, माझं चुकलं, तुझा हात मी धरला. ती घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत म्हणाली,

"हात धरलासा, तवा म्या देवीला म्हटलं, आता ह्यांच्याच तोंडातनं खरं वदव."

मी विचारलं, बरं होऊ दे असं नाही का गं मागितलंस?

"ते डाक्टर बघतील म्हटलं," ती म्हणाली.

मी कधी तिच्यासारखं मागितलं नव्हतं. मी मागायचो ते माझ्या अंगावर काही येऊ नये म्हणून. ती मरणाच्या दारात होती आणि तिनं माझ्यासाठी मागितलं. देवीनं ते ऐकलं, यापलीकडं मला काही सिद्ध करायचं नाही. अजून मन घाबरलं की मी आधी खरं काय ते बोलतो आणि मगच हात जोडतो.