निरोगी मुलांची फुंकर

माझी मुलगी गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुंबईहून डॉक्टरांचं एक पथक आमच्या शाळेत आलं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. चौक गावापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते. मुलीला न्यूमोनिया झाला होता. ती दुसरीत गेली असती. त्या दिवसांत मी वेळेवर उठत होते, डबे भरत होते, फळ्यावर तारीख लिहीत होते. लोक म्हणायचे, बाई सावरल्या. मी सावरले नव्हते. मला काही वाटतच नव्हतं.

पथकात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हेडमास्तरांना समजावलं, "निरोगी मूल किती श्वास सोडतं, याचे आपल्या मुलांचे आकडे आमच्याकडे फार थोडे आहेत. परदेशातल्या मुलांच्या तक्त्याशी ताडून बघतो आणि इथलं धडधाकट पोरही त्यात कमी भरतं."

हेडमास्तरांनी तिच्या मदतीला मला दिलं. मुलं माझं ऐकायची.

यंत्र साधं दिसायचं. पाण्याने भरलेल्या पिंपात उलटं बुडवलेलं भांडं आणि त्याला जोडलेली रबरी नळी. नळीत फुंकलं की भांडं वर यायचं आणि पेन कागदावर रेघ ओढायचं. आधी अनवाणी उभं करून उंची घ्यायची, मग वजन. वयाचा मात्र घोळ झाला. हजेरीपटावर अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला.

"एवढी सगळी मुलं एकाच दिवशी?" डॉक्टरीण म्हणाली.

"दाखल करताना आम्हीच लिहितो," मी म्हटलं. मग आयांना बोलावून, कोण कुठल्या सणाच्या आगेमागे झालं ते विचारत बसलो.

नाकाला लावायच्या चिमट्याला मुलं भ्यायली. डॉक्टरीण म्हणाली, "बाई, तुम्ही करून दाखवा." मी चिमटा लावला, छाती भरून श्वास घेतला आणि नळीत सोडला. "सोडा, सोडा, अजून आहे, अजून," ती ओरडत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलं खदाखदा हसली आणि रांगेत उभी राहिली. शेवटच्या रात्री मुलीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ते मला आठवलं. चिमटा काढून मी पुढच्या मुलीच्या नाकाला लावला.

दुपारी हेडमास्तरांनी तिला माझं सांगितलं असावं. जेवताना ती जवळ येऊन बसली.

"बाई, मला माहीत नव्हतं. दुसरं कुणी बघेल हे काम."

"नको." मग मी विचारलं, "तिला हे यंत्र लावलं असतं, तर आधी कळलं असतं?"

ती म्हणाली, "नाही. न्यूमोनिया यात कळत नाही. एवढ्या आजारी मुलाला फुंकताही येत नाही."

मी मान हलवली. खोटं बोलली नाही, एवढं मनात नोंदलं गेलं. भाकरी संपवली.

खोकणारी, धाप लागणारी, नुकताच ताप येऊन गेलेली मुलं बाजूला काढायची होती. वाडीवरचा एक तिसरीतला मुलगा असा बाहेर राहिला आणि रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन आली. डोक्यावरची मोळी भिंतीशी टाकून तशीच माझ्यापुढे उभी राहिली.

"बाय, माझ्या पोराची फुंकर का नाय घेतली?"

"त्याला खोकला हाय ना गं. यांना बरी पोरं पाहिजेत."

"बऱ्या पोरांना डाक्टर कशाला? हा रातभर खोकतो, त्याला कोन बघनार?"

मी मुलाचा हात धरून त्याला डॉक्टरणीपुढे नेलं. तिने रांग थांबवली, त्याच्या पाठीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि चिठ्ठी लिहिली. "याच्या छातीचा एक्स-रे फोटो काढायला हवा. आई एकटी जाईल का?"

"मी जाते," मी म्हटलं. दया आली म्हणून नाही. माझं तोंड बोललं, एवढंच.

एसटीने आम्ही तिघं कर्जतला गेलो. मुलीला आणलं होतं त्याच सरकारी दवाखान्याचा तोच व्हरांडा, तोच बाक. मुलाला मांडीवर घेऊन आई जमिनीवर बसली, मी बाकावर. फोटोत छातीचा क्षय निघाला. औषध कित्येक महिने चालणार होतं आणि आई तर पहाटेच कामाला बाहेर पडायची. म्हणून गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवल्या. रोज प्रार्थनेआधी मी त्याला गोळी द्यायचे. गिळल्यावर तो जीभ बाहेर काढून दाखवायचा. सुरुवातीला ओकला, मग सवय झाली. खोकला हळूहळू कमी झाला. आमच्यात बोलणं फारसं नसायचं.

पथक काम आटोपून केव्हाच गेलं होतं. त्या आकड्यांचा तक्ता झाला असेल. आमच्याकडे कुणी पाठवला नाही.

पुढच्या वर्षी मधल्या सुट्टीत मुलं पकडापकडी खेळत होती. तो मुलगा सगळ्यांना चुकवत मैदानभर धावला आणि वडाखाली येऊन थांबला. त्याला धाप लागली, पण खोकला आला नाही. "बाई, बघितलं का?" तो ओरडला.

"बघितलं रं," मी म्हटलं.

आता रडू येईल असं मला वाटलं. थोडा वेळ थांबून पाहिलं. आलं नाही. घंटा झाली, तशी मी मुलांना आत घेतलं.