न केलेल्या पोह्यांचा जबाब

माझ्या नोकरीतल्या कुठल्याही स्टेशन डायरीत या केसची नोंद सापडणार नाही. गुन्हा नाही, आरोपी नाही, हद्दसुद्धा माझी नाही. तरीही कुणी एखादी केस सांगा म्हटलं की मला पहिली हीच आठवते.

साधारण २००६ चा उन्हाळा असेल. मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. अर्जित रजा आणि परदेशी जाण्याची परवानगी, दोन्ही कागद सह्या होऊन आले आणि मी बायकोला घेऊन जर्मनीला, कायझर्सलाउटर्नला मुलीकडे गेलो. जावई तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. माझे वडील रस्त्याच्या गँगमध्ये होते. खडी फोडायची, मैलाचे दगड रंगवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे मुलीचं ते घर बघताना छाती फुगायची, हे कबूल करायला मला लाज नाही. जावयांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तीन महिन्यांसाठी तिथे आधीच आलेल्या होत्या. घर लहान, म्हणून आम्हा दोघांची राहण्या-न्याहारीची सोय शेजारच्या लॉजवर होती.

शनिवारी सगळे जंगलात फिरायला गेलो. गावाबाहेर लाल दगडाचे डोंगर आणि त्यांवर मैलोन् मैल पसरलेलं, सरकारने राखलेलं जंगल आहे. पायवाटा आखून दिलेल्या, झाडांवर रंगीत खुणा, प्रत्येक फाट्यावर पाटी. माणसाने ठरवलं तरी चुकू नये अशी व्यवस्था.

दुपारी तीनच्या सुमारास एका फाट्यावर विहीणबाई बाकावर बसल्या. "तुम्ही जाऊन या त्या सुळक्यापर्यंत. माझे गुडघे नाही म्हणतात."

पाऊण तासाने आम्ही परत आलो, तर बाक रिकामा.

हाका मारल्या, चारी वाटांनी थोडं थोडं धावून पाहिलं. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, भाषा येत नव्हती. मुलीने फोन केला आणि अर्ध्या तासात पोलिसांची गाडी आली, मागून रुग्णवाहिका, मग कुत्रं घेऊन एक पथक. प्रमुख एक चाळिशीच्या फौजदार बाई होत्या. त्यांचं काम बघून मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला. नकाशा पसरला, वेळा लिहून घेतल्या आणि जावयांचा जबाब सुरू केला. मुलगी मला हळू आवाजात मराठीत सांगत होती.

"त्या कुणावर रागावल्या होत्या का? घरात काही झालं होतं का?"

"नाइन, नाइन. छे, तसं काही नाही. सगळं व्यवस्थित," जावई म्हणाले.

"काही आजार?"

"शुगर आहे. गोळी घेते रोज."

"आज जेवल्या होत्या?"

"हो. सकाळी खाऊन निघालो सगळे."

बाईंनी माणसं सुळक्याकडे लावली. वाट चुकून वर गेल्या असतील आणि पाय घसरला असेल, हा त्यांचा अंदाज. मिळालेल्या माहितीवर मीही तोच केला असता.

तेवढ्यात काठ्या टेकत चालणारं एक म्हातारं जोडपं वरून आलं. साडी, वर स्वेटर, पायात बूट अशी एक बाई त्यांनी तासाभरापूर्वी या फाट्याजवळ पाहिली होती. चालली कुठल्या वाटेने, ते लक्षात नव्हतं. पण आजोबांनी एक गोष्ट सांगितली. ती बाई इकडेतिकडे बघत नव्हती. झपाझप चालत होती.

मी कान टवकारले. हरवलेला माणूस थांबतो, मागे बघतो, समोर येईल त्याला हाक मारतो. झपाझप चालणारा माणूस हरवलेला नसतो, निघालेला असतो. ठाण्यात असतो तर त्याच क्षणी मुलाला बाजूला घेतलं असतं. इथे मात्र जीभ उचलेना. मुलीचं सासर. ज्या जावयांना मी आजवर एकेरी हाक मारली नव्हती, त्यांना खोटं बोलताय का, असं विचारायचं? मी गप्प राहिलो. सुळक्याखालची झुडपं धुंडाळण्यात आणखी तासभर गेला.

कुत्रं त्या बाकाभोवतीच घुटमळत राहिलं. सकाळपासून तिथे शंभर माणसं बसून गेली असतील. साडेपाच वाजले. रुग्णवाहिकेतला माणूस शुगरबद्दल पुन्हा विचारायला आला, तेव्हा माझा धीर सुटला.

"जावईबापू, जरा इकडे या. बसा."

"बाबा, आत्ता?"

"आत्ताच. आणि आता मी तुमचा सासरा नाही. समोर पोलीस निरीक्षक बसलाय असं समजा."

बायको लगबगीने आली. "अहो, जावयांशी असं बोलतात का?"

"तू थांब जरा."

माझा एक नियम होता. खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येतो. अडखळतो तो बारीक प्रश्नावर.

"सकाळी आईंनी काय खाल्लं?"

"पोहे."

"कोणी केले?"

त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "अरे, पोहे कुठे केले होते आज?"

जावयांनी तोंड ओंजळीत धरलं.  

"आई जेवलीच नाहीये, बाबा. काल रात्रीपासून. ताट खोलीत नेते आणि तसंच माझ्या हातात परत देते, हिलाही माहीत नाही. पण गोळी घेतली तिने सकाळी, मी पाहिलं."

"का नाही जेवल्या?"

"तिला परत जायचंय. पंधरा दिवस म्हणतेय, तिकीट बदल. मी म्हटलं, तीन महिन्यांसाठी बोलावलं आणि मध्येच गेलीस तर लोक काय म्हणतील? सकाळी पुन्हा तेच. मग मी चिडून बोललो, की जायचंच असेल तर जा एकटी."

"मग हे त्या फौजदार बाईंना का नाही सांगितलं?"

"तुम्ही शेजारी उभे होतात ना! तुमच्यासमोर कसं सांगू, की मी आईला असं बोललो?"

म्हणजे मी मान राखून विचारलं नाही आणि त्यांनी मान राखून सांगितलं नाही. आणि रिकाम्या पोटी शुगरची गोळी घेतलेली बाई त्या मानापानाचे दोन तास जंगलात काढत होती.

मी उठून फाट्यावरच्या पाटीपाशी गेलो. लहानपणी अक्षरं यायच्या आधी मी वडिलांनी रंगवलेले दगड वाचायला शिकलो होतो, त्यामुळे पाटी दिसली की माझी नजर तिच्यावर जातेच. सगळे बाण जर्मन. विहीणबाईंना त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. पण एका बाणाशेजारी चित्र होतं. आगगाडीचं इंजिन, आणि पुढे किलोमीटरचा आकडा, ४.

"बेटा, सांग त्यांना. वर नाही, खाली. बाई स्टेशनकडे निघाल्यात. आणि पोट रिकामं आहे हेही सांग."

मुलीने सांगितलं. फौजदार बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग जावयांकडे, मग माझ्याकडे. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या आणि वायरलेस उचलला.

स्टेशनच्या बाजूने गाडी वर घातली. वीस मिनिटांनी निरोप आला. उतारावर, वाटसरूंसाठी बांधलेल्या लाकडी निवाऱ्यात विहीणबाई सापडल्या. घामाने डबडबलेल्या, चक्कर येऊन बसलेल्या, पण शुद्धीवर. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर परवडला नसता.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्या पांघरूण गुंडाळून सफरचंदाचा रस पीत होत्या. कमरेच्या कापडी पिशवीत पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट नीट घडी घालून ठेवलेलं. सगळा मुद्देमाल जागेवर.

"विहीणबाई, निघाला होतात कुठे?"

"पुण्याला."

"चालत?"

"स्टेशनापर्यंत चालत. पुढे विचारलं असतं कुणाला तरी." मग लेकाकडे बघून, "तूच म्हणालास ना, एकटी जा?"

जावई त्यांच्या पायाशी बसून हमसून रडत होते. विहीणबाईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "आणि एवढी फौज कशाला बोलावलीत? घरात एक पोलीस होता की!"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं मला. खरंच होता. नुसता उभा होता.

सोमवारी जावयांनी तिकीट कधीही बदलता येईल असं करून आणलं आणि आईच्या हातात दिलं. विहीणबाई पूर्ण तीन महिने राहिल्या. "आता कधीही जाता येतं म्हटल्यावर घाई कसली?"

परत येऊन हजर झालो आणि ठाण्यात दंडक घातला. मिसिंगची तक्रार आली की नातेवाइकांना वेगवेगळं बसवायचं, कुणाचं नातं काय हे बघत बसायचं नाही, आणि पहिला प्रश्न एकच विचारायचा: सकाळी काय खाल्लं होतं? घरात काय बिनसलंय ते माणसं सांगत नाहीत. ते चुलीजवळ कळतं. त्या प्रश्नाने पुढे मला बरीच माणसं शोधून दिली.

आता मी निवृत्त आहे. जावयांचा फोन दर रविवारी येतो. विहीणबाई हल्ली त्यांच्याकडेच असतात. मी विचारायच्या आत जावईच सुरुवात करतात, "बाबा, आईने आज दोन थालीपिठं खाल्ली, लोणी घेऊन. हवं तर तिलाच विचारा."

मी विचारतो. दोघांचे जबाब जुळतात.