गोरज मुहूर्तावर राउटर

मंडळी, चहा घ्या, आणि माझ्या विद्वत्तेविषयी काही आदर उरला असेल, तर तो आत्ताच बाजूला काढून ठेवा. पुढे त्याची अडचण होईल!

उदारीकरणाची ती वर्षं. उज्जैनच्या आमच्या लोकसाहित्य केंद्रात राउटर आला; म्हणजे संगणकाला इंटरनेटच्या वाटेला लावणारी पेटी. माझ्या पत्नीचा, कुमुदचा, सारा जीव त्या पेटीत होता. लेक कॅनडात. त्या संध्याकाळी तिला पहिला ई-मेल जायचा होता, आणि ती तिकडे वाट पाहत बसली होती.

इंदूरचे इंजिनियर शर्माजी दुपारभर एका चपट्या निळ्या तारेने ती पेटी संगणकाला जोडून काळ्या पडद्यावर आज्ञा टंकत होते. चित्र नाही, माउस नाही, नुसती अक्षरं! अखेर म्हणाले, "चालू हो गया, सर. टावर चौक से कचोरी खाके आता हूँ. एक छोटा काम बाकी है, तब तक हाथ मत लगाना."

हात लावू नका? आरंभविधींच्या अभ्यासात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला? गोरज मुहूर्त तोंडावर, आणि यंत्र आधीच चालू! चालू यंत्राचा आरंभ करणार कसा? मी शांतपणे बटण बंद केलं, पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक रेखलं आणि ऐन मुहूर्तावर कुमुदकडून बटण दाबवून घेतलं.

पडद्यावर प्रश्न उमटला: प्रारंभिक मांडणी करायची का? हो की नाही?

"पाहिलंस?" मी गहिवरलो. "संकल्पापूर्वी यजमानाला विचारतात, अगदी तसं!"

मी होकार दिला. त्याने नाव विचारलं; मी 'क्षिप्रा' टंकलं. त्याने गुप्त शब्द मागितला. तोही अर्पण केला.

"अहो," कुमुद म्हणाली, "दुपारभर शर्माजींशी बोलत होतं ना हे? मग आता नाव काय विचारतंय?"

"विधीत पुनरुक्ती असतेच."

"तुमची पुनरुक्ती राहू द्या. मला यात गडबड वाटते."

तेवढ्यात शर्माजी आले. पडदा पाहून त्यांचा ढेकर अर्ध्यावरच थांबला.

"सर, बंद किया था?"

"मुहूर्त था!"

"अरे, सेव करना ही तो बाकी था! सब इसकी याददाश्त में था. बिजली बंद, सब साफ!"

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. "माळव्यातल्या आज्यांना कोण सांगत फिरतं हो? 'आजी, गाणं नुसतं आठवणीत ठेवू नका, उतरवून घेऊ द्या, नाहीतर जाईल'?"

शर्माजींनी सगळं पुन्हा टंकलं. नानाखेड्याच्या स्थानकातून सुटणारी त्यांची इंदूरची बस चुकली. आमच्याकडे वरणभात जेवायला राहिले बिचारे.

आता लेक रोज फोनवर समोर दिसते. पण त्या काळ्या पडद्यापुढे श्वास रोखून बसण्यातली गोडी त्याला नाही. त्या रात्री कुमुदने एकेक कळ शोधत लिहिलं, "कशी आहेस?"

थोड्या वेळाने उत्तर आलं: "मजेत. इतका उशीर का? बाबांनी हात लावला का?"

कुमुदने ते तत्काळ छापून घेतलं.