चिक्कडपल्लीच्या डोक्यावरचा दगड

दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली तर पुसता येते, किस्से बसले की पुसता येत नाहीत! आमच्या चिक्कडपल्लीच्या गच्चीवर दहा वर्षांत आकाशातलं फारसं काही हाती लागलं नाही. पण हा दुसरा माल इतका साठलाय, की कुठून उपसू?

मी सातवी पास. तीही मास्तर कंटाळले म्हणून! सुलतान बाजारात माझं चष्म्याच्या काचा घासायचं दुकान. आमचे पाठक मास्तर मराठी शाळेतून रिटायर झाले आणि दुर्बीण करायच्या मागे लागले. आरसा घासायला त्यांनी मला धरलं. ताटाएवढी काच! सहा महिने गिऱ्हाइकांच्या देखत घासत होतो. एक म्हातारी खाला चष्मा न्यायला आली, ती काच बघून खाली बसलीच.

"बाबूराव, ये किसकी ऐनक है?"

"एक साहब हैं खाला. दूर का दिखता नै उनको."

"या अल्ला! मुंडी कित्ती बडी होयेंगी!"

* * *

मग एकदा पेपरात आलं, की एक भलामोठा दगड पृथ्वीजवळून जाणार. जवळून म्हणजे चंद्राच्याही पलीकडून, असं मास्तर घसा फोडून सांगत होते. पण खरं बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? बँकेतले जोशी अंबरपेठेहून स्कूटर हाणत आले.

"बाबूराव, पडणार नाही ना हो?"

"छे! पण पडलाच, तर अंबरपेठेत."

जोशी त्याच संध्याकाळी बायकोमुलांसकट सासऱ्यांच्या घरी. दगड आला, दगड गेला, जावई महिनाभर हलला नाही! सासरे अजून मला बघितलं की रस्ता ओलांडतात.

* * *

त्याच सुमारास घरोघरी केबल शिरली होती. केबलवाल्याला डिश ठेवायला नेमकी आमचीच गच्ची हवी! मास्तरांचे घरमालक रेड्डीगारू जिना चढून आले.

"मास्टरजी, दस साल से देख रै आप. देखे क्या?"

"शनीची कडी बघितली की!"

"वो तो बच्चों की किताब में भी है! ये पत्थर आरा ना, वो देखके बताओ. नै दिखा तो पहली तारीख से डिश!"

मास्तर दुर्बिणीवरची धूळ पुसायला लागले. शाळा सुटल्यावर त्या माणसाला एवढी एक गच्चीच उरली होती. मी अजिबात हसलो नाही. म्हणजे, जिना उतरेपर्यंत.

* * *

दगड दिसायचा तर अंधार पाहिजे. आणि समोरच्या टीव्हीच्या दुकानानं नवी कोरी, लखलखती पाटी लावलेली! लाइनमन माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला म्हटलं, "अर्धा घंटा गल्लीचा करंट काढ. तालीम करून बघू."

काढला पठ्ठ्यानं! मास्तर खूश. पण पंखे बंद पडल्यावर लोक घरात बसतील? दोन मिनिटांत अख्खी गल्ली गच्च्यांवर! कंदील, मेणबत्त्या, बॅटऱ्या. एकानं तर पेट्रोमॅक्स पेटवून आणली.

मास्तर डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "बाबूराव, करंट परत आणा. जरा अंधार तरी होईल!"

* * *

शेवटी तो दिवस उजाडला; म्हणजे मावळला. पाटीवर आम्ही दुकानदाराच्या पाया पडून गोणपाट टाकलेलं. रेड्डीगारू खुर्ची टाकून बसलेले. मास्तरांनी नकाशा बघून दुर्बीण लावली. दिसत होते नुसते ठिपके, सगळे सारखे. त्यातला हलेल तो दगड. पण दुर्बीण हातानं ढकलायची, त्यामुळं सगळंच हलतंय! नऊ वाजले. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. रेड्डीगारूंनी घड्याळ बघितलं आणि चपला पायात सरकवल्या.

तेवढ्यात काकू, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, जेवायला बोलवायला वर आल्या. जन्मात कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. मास्तर डोळे पुसत होते, म्हणून सहज वाकल्या. पाच मिनिटं हलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हा डावीकडचा तिसरा खडा आहे."

"कशावरून?" मास्तर ओरडलेच.

"बाकीचे सगळे मिळून चाललेत. हा एकटा निराळा निघालाय. तांदूळ निवडताना कळत नाही होय?"

मास्तरांनी नकाशा ताडून बघितला. तिसऱ्याच्या जागी नकाशात काहीच नव्हतं, म्हणजे तो तारा नव्हेच! त्यांनी डोळा लावला. "कुठाय? कुठाय?" काही दिसेना. काकूंनी त्यांना बाजूला सारून पुन्हा डोळा लावला.

रेड्डीगारूंनी चपला काढल्या. "अम्मा को दिखा ना? बस! मास्टरजी बोलते तो शक था."

मास्तर वही-पेन्सिल काढून उभे. "आता सांग, किती सरकला?"

"सांगते. पण मी डोळा काढला तर हरवेल तो. खाली भात लागतोय, तुम्ही जा, उतरवा."

मास्तरांनी वही माझ्या हातात दिली आणि निमूट जिना उतरले. जरा वेळानं खालून हाक आली, "अगं, सांडशी कुठाय?"

काकूंनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. तिथूनच ओरडल्या, "तुमच्या डोळ्यांसमोर!"