दुसरा बार

आमच्या ह्यांना, म्हणजे मेदप्पांना, चालती वस्तू बघवत नाही. फौजेत जन्मभर ट्रक दुरुस्त करून हे कोडगूला घरी परतले, तेव्हा मला वाटलं, आता कॉफीच्या बागेत लक्ष घालतील. घातलं की! आल्या आल्या बागेतला पाण्याचा पंप खोलला. तो अजून खोललेलाच आहे. मग भिंतीवरचं घड्याळ, मग जीप. जीपचं बॉनेट डुकरांच्या खोपटावर पत्रा म्हणून बसलंय, आणि खरं सांगायचं तर तिथेच त्याचा जास्त उपयोग होतोय.

त्यात ही रायफल आली.

रायफल मुळात घरचीच. माझे सासरे, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि त्यांचे धाकटे भाऊ बिद्दय्या काका, या दोघांनी तरुणपणी तिच्यावर डोंगरातली रानडुकरं मारलेली. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी जमीन हसत वाटून घेतली आणि रायफलीवरून भांडले. ती काकांच्या वाट्याला गेली. अप्पांनी बोलणं टाकलं. काकाही काही कमी नाहीत. त्यांनी ती ना वापरली ना परत केली, शेवटी एका मळेवाल्या साहेबाला देऊन टाकली. टेकडीच्या अलीकडे एक भाऊ राहतो, पलीकडे दुसरा, आणि मी या घरात आल्यापासून दोघांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नाही.

अप्पा थकले, कानांनी गेले, अंथरुणाला लागले, तसा त्यांनी एकच धोशा लावला, "मी गेलो की माझे बार त्याच रायफलीचे काढायचे."

आमच्याकडे मुलगा झाला की एक बार काढतात, माणूस गेलं की लागोपाठ दोन. दोन ऐकले की गाव हातातलं काम टाकून त्या घराकडे निघतं.

"घरात चांगली बंदूक आहे की, अप्पा," मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं.

"त्या बंदुकीवर मी मरायचा नाही," अप्पा म्हणाले.

झालं! साहेबाच्या पश्चात त्याच्या बायकोने बंगल्यातलं सामान विकायला काढल्याचं कळलं, आणि हे निघाले. स्वयंपाकघराची कौलं बदलायला म्हणून मी मिऱ्यांची पोती राखून ठेवली होती. ती पोती बंगल्यावर गेली आणि तिथून आलं हे लाकूड. हो, लाकूडच. साहेबाने शोभेला म्हणून नळीपासून दस्त्यापर्यंत सगळ्याला वॉर्निश फासलं होतं. नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. दस्ता वाळवीने पोखरलेला, बोट लावलं की भुगा पडायचा.

"चीज आहे, देचू, चीज!" हे म्हणाले.

"चीज खरी. पावसात डोक्यावर धरून स्वयंपाक करीन म्हणते."

यांना ऐकू गेलं नाही. कान फक्त बापाचेच गेलेत असं नाही.

मग माझ्या घराची जी दुर्दशा सुरू झाली ती काय सांगू! गंज निघेना, म्हणून डुकराच्या मटणासाठी जपून ठेवलेली कचंपुळी नेली. वर्षाची बाटली. ज्या आंबट काळ्या अर्काच्या चार थेंबांनी हंडाभर रस्सा होतो, तो यांनी चिंध्या बुडवून नळीला चोळला. गंज निघाला, हे कबूल करते. मग तेल लावायला म्हणून चरबीचा डबा नेला. दस्त्यासाठी शिसवीचं लाकूड हवं होतं. ते सगळ्या कोडगूत कुठे मिळालं? माझ्या आईने लग्नात दिलेल्या पलंगात! एक पाय कापला आणि त्या जागी विटा रचून दिल्या. वर मलाच विचारतात, "हलतो का गं?"

मी दोन दिवस बोलले नाही. तेही यांच्या लक्षात आलं नाही.

पण खरी डोकेदुखी आकडीची होती. बार झाल्यावर बोल्ट मागे ओढला की एक छोटी आकडी रिकामं काडतूस धरून बाहेर काढते. ती झिजलेली. नवी कुठे मिळेना. हे जीपच्या स्प्रिंगचा तुकडा घेऊन पडवीत घासत बसायचे. बसवायचं, शिवी द्यायची, काढायचं, पुन्हा घासायचं. बागेत कॉफीच्या फळांना बेरी-बोअररची कीड लागली तरी कानस थांबली नाही. मी चिडले, रडले, माहेरी जाईन म्हणाले. "हो, जाऊन ये. येताना बारीक कानस आण," असं उत्तर मिळालं.

कैलपोळ्दचा, आमचा हत्यारांच्या पूजेचा सण आला. देवापुढे घरातली बंदूक, कोयता, सगळं मांडलं, कळलावीची फुलं वाहिली, आणि यंदा तिथे रायफलही होती. दिसत होती देखणी, खोटं कशाला बोलू. पूजा झाल्यावर ह्यांनी ती अंगणात नेली, आभाळाकडे धरली आणि बार काढला. फणसावरचे सगळे पक्षी उडाले.

अप्पा आतून ओरडले, "उडव की! किती वेळ?"

"उडवली, अप्पा!"

"काय?"

आता शहाण्या माणसाने आत जाऊन कानात सांगितलं असतं. ह्यांनी बोल्ट ओढला, काडतूस टुणकन बाहेर पडलं, आणि यांना इतका आनंद झाला की लगेच दुसरा बार काढला.

"हां! आत्ता ऐकली!" अप्पा खूश.

मी कपाळावर हात मारला. ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. तोवर खाली भातशेतातून माणसं वर यायला लागली होती. सणाचे कपडे उतरवून पांढरे घातलेली. सगळ्यांत पुढे शेजारचा माचय्या, खांद्यावर तिरडीसाठी बांबू घेऊन. बायकांनी फाटकातच गळा काढला. आम्ही अप्पांना धरून पडवीत आणून बसवलं होतं, हातात कॉफी दिली होती.

"कोण गेलं रे, माचय्या?" अप्पांनी विचारलं.

माचय्याने बांबू खाली टाकला. "तुम्ही!"

"कोण?"

"अहो तुम्हीच, अप्पा!"

अप्पा असे हसले, असे हसले की कॉफी सांडली. मग काय, सगळे बसले. मला अख्ख्या गावाला कडंबुट्टूचे तांदळाचे गोळे आणि मटण करून घालावं लागलं, कचंपुळीशिवाय, आणि प्रत्येक बाईने पानावर बसून विचारलं, "देचू, आज आंबट कमी का गं?" गावच्या थोरांनी ह्यांना तिथेच बजावलं, की मेदप्पा, पुन्हा उगीच बार काढलास तर बघ.

अप्पा मात्र एकेक तोंड न्याहाळत होते. स्वतःच्या मयताला कोण कोण आलं हे बघायला किती जणांना मिळतं? शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बिद्दय्या कुठे बसलाय?"

मी सांडलेली कॉफी पुसायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"काका आले नाहीत, अप्पा," मी कानाशी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आत न्यायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर रायफलीचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या दिवशी मला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. मेल्यावर भाऊ येईल, एवढी एक आशा म्हाताऱ्याने उराशी धरली होती. ती जिवंतपणी मोडून दाखवायची काय गरज होती? मी म्हटलं, "जा, काकांना विचारा तरी!" हे गेले नाहीत. कोडवा मर्द ना, बापाची अढी मुलाने पुढे चालवायची.

त्याऐवजी काय केलं? रायफल पुन्हा खोलली.

"अहो, चालतेय ना ती?"

"आकडी जरा जास्त धरते."

"धरू दे! तुम्हाला काय त्रास आहे तिचा?"

"किंचित घासली की लोण्यासारखी चालेल."

घासली. बार काढून बघायची बंदी, म्हणून तशीच बसवून खुंटीला लावली.

कॉफीची तोडणी चालू असताना एका सकाळी अप्पा गेले. शांतपणे गेले, चमचाभर पाणी घेऊन. ह्यांनी डोळे पुसले आणि रायफल काढली.

"घरातली बंदूक न्या," मी म्हटलं. "आज तरी माझं ऐका."

"त्यांना शब्द दिलाय."

पहिला बार झाला. ह्यांनी बोल्ट ओढला. काडतूस आतच राहिलं. पुन्हा ओढला. आकडी नुसतीच घसरत होती. हे फणसाखाली मांडी घालून बसले ते उठेनातच, रडत होते, शिव्या देत होते आणि नखांनी काडतुसाचं पितळ उकरत होते. मी मळ्याकडे पाहिलं. तोडणाऱ्या बायकांनी मान वर केली आणि पुन्हा कामाला लागल्या. मेदप्पाचं चाललंय काहीतरी, एवढंच त्यांना वाटलं असणार. माचय्याची बायको कुंपणावरून ओरडली, "काय गं देचू, मुलगा झाला की काय या वयात?"

घरात अप्पा तसे, अंगणात हे असे, आणि गाव हसतंय. मी दुसरी बंदूक आणायला वळले, तर टेकडीच्या वाटेवर पांढरं काहीतरी दिसलं. काठी टेकत, धापा टाकत बिद्दय्या काका येत होते. अंगरखा उलटा घातलेला.

ते थेट ह्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. "गेला ना दादा?"

ह्यांनी नुसती मान हलवली.

"आण इकडे." काकांनी रायफल घेतली, दस्ता फणसाच्या मुळावर टेकवला आणि बोल्टच्या मुठीवर टाचेने एक दणका दिला. काडतूस टपकन खाली पडलं. "पहिल्यापासून अशीच आहे ही. तो मारायचा आणि टाच मी द्यायचो. घे, काढ बार."

दुसरा बार झाला. मळ्यात टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. माचय्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला.

"तुम्हाला कसं कळलं, काका?" मी विचारलं. "एकच तर वाजला."

"दादा आजारी आहे, रायफल परत घरी आलीय, हे ऐकून होतो. आवाज आपल्या रायफलीचा होता. दुसऱ्यासाठी थांबलो, आला नाही. तेव्हाच निघालो."

हे हुंदके देत म्हणाले, "माझी आकडी चुकली, काका. सणाच्या दिवशी नीट चालली होती. दोन्ही बार लागोपाठ झाले होते."

"ऐकले की. आवाज आपलाच वाटला, पण ही लागोपाठ दोन कधी उडवत नाही. म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे तरी झालं असेल." काका पायरीवर बसले. "तू इतकी चांगली दुरुस्त केली नसतीस, तर मी त्याच दिवशी आलो असतो."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला शिव्या द्यायच्या होत्या, मोठमोठ्याने द्यायच्या होत्या, पण कोणाला द्यायच्या तेच कळेना. मी काकांचा हात धरून त्यांना आत नेलं. अप्पांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.