मरियममायच्या झऱ्यावर नेलेला स्कार्फ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवावरही बेताचाच आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळी म्हणायला नको. मी चौथी शिकलेली बाई. तुमच्या या पानावर लोक लिहितात — कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाला पैंजण ऐकू आले — ते वाचून मी हसायची. आता हसत नाही, एवढंच. विश्वास अजूनही नाही.

आम्ही बुऱ्हाणपूरचे, लालबागला राहतो. नवऱ्याने आयुष्यभर पावरलूम चालवले, मी घरी बसून सुताच्या कांड्या भरल्या. त्यामुळे दुसरं काही कळो न कळो, कापड मला कळतं. सुती कापड पाण्यात टाकलं की पाणी पितं आणि खाली बसतं. नायलॉन पाणी पीत नाही. अलगद पसरलं तर वरच राहतं. धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

माझी एकच मुलगी, नंदा. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. लग्न केलं नाही तिने, माझ्याजवळच राहिली. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. इंदूरला नेलं, औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले, घरी आलो. थोडे महिने बरे गेले आणि आजार परत आला. डॉक्टर म्हणाले, अजून एक औषध आहे, गॅरंटी नाही, पण करून बघू. नंदा म्हणाली, आता नको.

मी रागावले, रडून झालं, जेवण सोडून बघितलं. ती हलली नाही.

तिच्या शाळेत मार्था म्हणून आया आहे. खकनारच्या पुढे डोंगराखाली तिचं गाव. आज्यापासून ख्रिस्ती आहेत ते लोक. ती नंदाला भेटायला यायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आमच्या गावाला मरियममायचा झरा आहे. आजारी माणसाचं अंगावरचं कापड, न धुतलेलं, घरच्या माणसाने आपल्या हाताने पाण्यावर पसरायचं. तरंगलं तर माणूस उठतो."

"आणि बुडलं तर?" नंदाने विचारलं.

मार्था खाली बघायला लागली. "तर मग त्या माणसाला इकडे तिकडे हिंडवायचं नाही. घरी सेवा करायची. आमच्या फादरला हे आवडत नाही बरं का. ते म्हणतात, मेणबत्ती लावा, प्रार्थना करा, कपडे कशाला टाकता."

"मग फादरचं ऐका ना," मी म्हटलं.

"माय, तू गप गं." नंदा उठून बसली. किती दिवसांनी आपली आपण उठून बसली होती. म्हणाली, "माय, तरंगलं तर मी इंदूरला येते. बुडलं तर मला परत दवाखान्याच्या त्या खाटेवर न्यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी लगेच म्हटलं. इतक्या लगेच, की तिने माझ्याकडे टक लावून बघितलं.

तुम्हाला आलंच असेल लक्षात. मी बाजारात गेले आणि एक निळा स्कार्फ आणला, निव्वळ नायलॉनचा, हातातून सटकणारा. मागच्या मोरीत पाण्याने भरलेल्या टपात पसरून ठेवला. दिवसभर वर राहिला. वाळवून नंदाच्या डोक्याला बांधला. केस गेल्यापासून ती डोक्याला काहीतरी बांधायचीच.

"माय, हा चावतो गं डोक्याला. सुती दे ना एखादा."

"सुती सगळे धुवायला टाकलेत."

"रोज?"

"हो, रोज. तोंड बंद कर आणि पेज घे."

झऱ्याला जायच्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या सलीमची ऑटो सांगितली. मार्था बरोबर होती. केळीचे मळे मागे पडले, खकनार गेलं, मग रस्ता असा आला की सलीम म्हणाला, "अम्मा, आगे गाड़ी नहीं जाएगी." तिथून नंदाला दोघींनी धरून चालवलं. ती दर थोड्या वेळाने बसायची आणि म्हणायची, "मार्था, तुमच्या मरियममायला रोडच्या कडेला जागा नाही मिळाली का?" मार्था हसायची. मीही हसले. मला काळजीच नव्हती. मी मनात इंदूरची बॅग भरत होते.

झरा म्हणजे दगडांनी बांधलेलं छोटं कुंड. पाणी कमरेएवढं, तळाचा खडा न् खडा दिसत होता. वर सिमेंटचा क्रूस, खाली कोनाड्यात निळ्या रंगाची मरियमची मूर्ती, काठावर वितळलेल्या मेणबत्त्या. पाण्यावर एका कडेला जुना टॉवेल तरंगत होता. मार्था म्हणाली, तिच्या भावाचा आहे. भाऊ विषमज्वरातून उठला होता. आता शेतात राबतो.

मी वाकून त्या टॉवेलला हात लावला. जाड सुती, भिजून जड झालेला. तो वर राहूच शकत नव्हता.

"खाली काही लावलंय का ग?" मी विचारलं.

"तळ दिसतोय ना मावशी. तुम्हीच बघा."

बघितलं. काही नव्हतं. जाऊ दे म्हटलं, आपलं काम करू. नंदाच्या डोक्यावरचा स्कार्फ सोडला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि पाण्यावर अलगद ठेवला, टपात ठेवला होता तसाच.

तो खाली गेला.

कुणी खालून ओढावा तसा नाही — तसं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. गोळा झाला नाही, फिरला नाही. पसरलेलाच सरळ खाली गेला आणि फरशी बसवावी तसा तळाला बसला.

बाजूला एक काठी पडली होती. मी ती घातली.

"मावशी, काढायचं नसतं! काढायचं नसतं ते!" मार्था ओरडली.

मी ऐकलं नाही. स्कार्फ वर काढला, पिळला, झटकला, परत पसरला. परत खाली. पुन्हा काढला. माझा पदर भिजला, चप्पल पाण्यात गेली. पुन्हा पसरला...

"माय, बस."

नंदा दगडावर बसली होती, उघड्या डोक्याने. आवाज अगदी साधा. वर्गात पोरांना सांगायची तसा.

"नायलॉनचा आहे ना?" ती म्हणाली.

मी काठीने स्कार्फ बाहेर काढला.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सुती आणि नायलॉन कळत नाही का मला? तुझीच पोरगी ना मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू केलंय म्हणजे होईल."

एवढंच बोलली. मी पदराने तिचं डोकं झाकलं. तो टॉवेल तिकडे तरंगतच होता. ओला स्कार्फ मी पिशवीत घातला. मार्था नको नको म्हणत होती, तरी घेऊन आले.

घरी आल्या आल्या टप भरला आणि स्कार्फ पसरला. वर राहिला. नंदाला दाखवायला टप ओढत तिच्या खाटेपाशी नेला. "हे बघ! बघ ना! तरंगतोय की नाही?"

तिने बघितलं. "माय, हे नळाचं पाणी आहे."

मग मी मार्थाकडून झऱ्याचं पाणी कॅन भरून मागवलं. त्यातही स्कार्फ वरच राहिला. तेही नंदाला दाखवलं. ती म्हणाली, "तू कबूल म्हणाली होतीस." आणि भिंतीकडे तोंड केलं.

इंदूरला ती आली नाही. थंडीत गेली, घरीच, माझ्या मांडीवर. शेवटी शेवटी सुती फडकं मागायची डोक्याला. ते दिलं.

त्या औषधाने ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नव्हतं. लोक मला समजावतात — मावशी, झऱ्याचं पाणी खालून ओढत असेल. असेल. मग तो टॉवेल का नाही ओढला? कुणी म्हणतं, तुमचा हात थरथरला असेल. एकदा थरथरला असेल. तीनदा?

स्कार्फ माझ्याकडे आहे. अजून मधूनमधून मी टप भरते, पसरते आणि बाजूला पाटावर बसून राहते. एकदा जरी तो या टपात बुडाला, तर मी म्हणेन, कापडच वाईट निघालं, दुकानदाराने फसवलं. पण तो बुडत नाही. कापडात काही खोट नाही.