रपट्यासाठी तीन इंच

पिकअपवाल्यांचं एक बरं असतं. गाडी वर उचलून पाहिजे म्हणाले की मी फक्त "किती?" विचारतो. पिकअपच्या मागं पाटे असतात, एकावर एक रचलेले जाड लोखंडी पट्टे. त्यात एक पाटा वाढवायचा, लांब यू-बोल्ट टाकायचे, फारच हौस असली तर पाटे आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा द्यायचा. दुपारच्या जेवणापर्यंत गाडी उंच होते आणि माणूस खूश होऊन जातो.

डोकं उठवतात ते एसयूव्हीवाले. "भाऊ, त्या पिकअपएवढी करून द्या ना." अरे बाबा, तुझ्या गाडीखाली पाटे आहेत का? तिला गोल स्प्रिंगा आहेत. पुढची दोन्ही चाकं आपापली वेगळी हलतात, त्यांचे सांधे ठरावीकच वाकतात. स्प्रिंगवर ठोकळा बसवता येतो, नाही असं नाही, पण दीड इंचाच्या पुढं गेलं की सांधे ताणतात, टायर एका अंगानं झिजतात आणि वळणावर गाडी डोलायला लागते. राजुऱ्याचे ठेकेदार असोत की भद्रावतीचे हौशी, गडचिरोलीच्या माझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला पंचवीस वर्षं मी हेच सांगत आलो. आता सांगायचाही कंटाळा येतो. तोंड दुखतं, पण लोक ऐकत नाहीत.

आणि एवढं सांगून मी स्वतःच्याच गाडीला तीन इंच दिले.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमचं गाव शहरापासून पस्तीस किलोमीटर आत, जंगलात. मधे नाला आहे आणि नाल्यावर रपटा. पूल म्हणावा असं त्यात काही नाही, नाल्याच्या तळाला टेकलेला सिमेंटचा पट्टा नुसता. पाऊस झाला की पाणी वरून वाहतं. माझी पिकअप त्यातून आरामात निघायची, कारण तिच्यात दोन पाटे मी वाढवलेले. पण पाटे वाढवलेली रिकामी पिकअप म्हणजे हाडं मोजून घेणारं काम. डायलिसिस करून परत येताना प्रत्येक खड्ड्यात ती दात आवळायची. हाताला सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस गावापर्यंत लाल व्हायचा. एकदा म्हणाली, "रोगानं नाई मरत मी, तुमच्या पाट्यानं मरतो." हसून म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

म्हणून पिकअप विकली आणि एक जुनी एसयूव्ही घेतली. स्प्रिंगांची, मऊ. पहिल्या फेरीत बाई चक्क झोपली! मला केवढा आनंद झाला सांगू. पण जूनच्या शेवटी रपट्यावर पाणी आलं आणि गाडीचं पोट दगडाला घासलं. तेव्हा मीच माझा नियम मोडला. ठोकळ्यावर ठोकळा ठेवला, तीन इंच गाडी उचलली. सांध्यांचं काय व्हायचं ते होवो, दर महिन्याला बदलीन म्हटलं. रपट्यावरून गाडी अशी निघाली की मी पलीकडे थांबून खाली उतरलो आणि मागं वळून पाण्याकडे पाहून आलो. गावात चार जणांना वाकून वाकून ठोकळे दाखवले. पोरासारखा नाचत होतो म्हणा ना.

आता एवढ्या उंच गाडीत बायको चढणार कशी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पाय सुजलेले, गुडघ्यात जीव नाही. पायदान वेल्ड करून लावलं, तर ते खाली लोंबलं आणि दुसऱ्याच फेरीत रपट्याच्या दगडानं वाकवून टाकलं. तिच्या पायासाठी जे खाली आणावं ते दगडाला लागायचं. मग घरातला स्टूल आणला. जाताना जमायचं, येताना तिला गरगरायचं आणि स्टूल डुगडुगायचा. शेवटी मीच तिला कमरेला धरून उचलायला लागलो. पहिल्या वेळी तीच म्हणाली, "माय वं! लग्नात उचललं नाई, आता उचलून राह्यले!" शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसलो. मला वाटलं, चला, जमलं.

ऑगस्टमध्ये एके सकाळी मी गाडी दारात लावली, तर ती चुलीपुढून उठलीच नाही. "दवाखान्यातून फोन आल्ता," म्हणाली. "मशीन बिघडली म्हणे. आज नोका येऊ म्हणते." मी बरं म्हणालो आणि गॅरेजला निघून गेलो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. एक दिवस तो रस्ता तिच्यासोबत तुडवायचा नव्हता. किती थकलो होतो ते त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी तिला आडवं होता येईना. बसूनच श्वास घेत होती, तोंड सुजलेलं. उचलली, गाडीत टाकली आणि निघालो. त्या दिवशी तिनं चेष्टा केली नाही. दवाखान्यात पोचल्यावर सिस्टर माझ्यावरच चिडली. "मागच्या पाळीला काऊन नाई आले? वाट पाहून राह्यलो होतो आमी."

"मशीन बिघडली होती ना?"

"कोणं सांगितलं? मशीन तर सुरूच होती."

तिला मशीनला लावलं. श्वास जरा खाली बसला तसा मी पलंगाजवळ गेलो आणि माझा तोल सुटला. "काऊन खोटं बोलली? मरायचं होतं काय तुले?"

ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घरी उचलतेत, इथी उचलतेत. दवाखान्याच्या दारात सारे पाह्यतेत. पोतं टाकल्यावानी टाकतेत तुमी मले. एक दिवस नाई उचललं तर बरं वाटन म्हटलं."

"मग सांगायचं ना मले!"

"कसं सांगू? तुमी किती खूश होते त्या गाडीवर."

तिथं मला उभं राहवेना. मशीन चार तास चालते. मी गाडी घेऊन गॅरेजात गेलो, दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि चारही स्प्रिंगा खोलल्या. पान्हा दोनदा निसटला, बोट सोललं. मोठ्यानं शिव्या देत होतो. कोणाला ते विचारू नका. चार तासांत ठोकळे काढून गाडी होती त्या उंचीवर आणली.

ती बाहेर आली, तेव्हा मी सवयीनं हात पुढे केले. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वरची दांडी धरली, एक पाय आत टाकला, जरा थांबली आणि दुसरा पाय ओढून घेतला. बसली. मी हात मागं घेतले आणि वळसा घालून स्टेअरिंगवर गेलो.

रपट्यावर पाणी होतं. तीन इंचांनी निघाली असती, आता निघणं शक्य नव्हतं. अलीकडेच पळसाखाली गाडी लावली आणि पाणी उतरायची वाट पाहत बसलो. दीड-दोन तास गेले असतील. मी म्हटलं, "पुढच्या पाळीला असंच पाणी असलं तर?"

"आदल्या दिवशी निघू. तुमच्या गॅरेजात पडून राहू," ती म्हणाली. "पाळी चुकवणार नाई मी. पण उचलाचं नाई."

"नाई उचलत."

थोड्या वेळानं तिनं दार उघडलं. मी घाईनं उतरायला लागलो तर म्हणाली, "बसा तुमी." उतरली, दाराला धरून पाणी किती आलं ते पाहिलं आणि परत चढली. जरा दम घेतला. पाणी तेवढंच होतं, तरी पुन्हा उतरली. या वेळी चढताना तिला धाप लागली, पण हाक मारली नाही. आत बसली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.